चालत्या मुडद्यांची बखर

दिवाळीच्या अंकात मुडद्यांची कथा कशाला, असे एखाद्या आजीबाई नाक मुरडून विचारतील, तर त्यांना मी आधीच हात जोडून सांगतो की, आपली दिवाळी तरी मेलेल्या माणसांना कुठे विसरते? धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा ठेवतो, नरकचतुर्दशीला यमतर्पण करतो, आणि मग कुठे फराळाच्या ताटाला हात घालतो. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता ही बखर वाचलीत तर काही बिघडणार नाही.

गोंडपिपरी हे आमचे तालुक्याचे ठिकाण. तालुक्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाने वैनगंगा, आणि पुढे या दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून प्राणहिता होतात. धान कापून झाले की या मुलखात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव तंबू ठोकतात. रात्री पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. अशा मुलखात मी मास्तरकी करतो. माझी विद्या मॅट्रिकपुरती. पण दोन कादंबऱ्या लिहिण्याचा प्रमाद हातून घडला आहे, आणि त्यांचे गठ्ठे माळ्यावर सुखरूप आहेत.

गेल्या वर्षी वर्गातला एक पोरगा मला म्हणाला, “गुरुजी, तुम्ही झोंबी पाहिली का?” मी म्हटले, “पाहायची कशी, बाळ? वाचली आहे.” आणि मोठ्या उत्साहाने कपाटातून आनंद यादवांचे पुस्तक काढून त्याच्या हाती दिले. १९८७ साली निघालेले, १९९० साली साहित्य अकादमीचा मान मिळवलेले, शिक्षणासाठी बापाशी झोंबी घेणाऱ्या पोराचे ते पुस्तक. वर्ग खो खो हसू लागला. पोराला हवा होता तो झॉम्बी. मेलेला, तरीही चालणारा, डोळे तारवटून माणसांच्या अंगावर धावणारा. संध्याकाळी त्याने मला मोबाइलवर तो दाखवला. पाच मिनिटांत मला मळमळले. पण कादंबरीकाराची खोड वाईट. हा प्राणी आला कोठून, याचा शोध घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, हे भूत आपल्या जातकुळीचे नव्हे. आपल्याकडे भुतांची काय कमी? मुंजा आहे, हडळ आहे, खवीस आहे, समंध आहे. पण या प्रत्येकाला नाव आहे, राहायला पिंपळ किंवा विहीर आहे, आणि मुख्य म्हणजे काहीतरी राहून गेलेली इच्छा आहे. मुंजाचे लग्न राहिलेले असते, समंधाचा जीव पुरलेल्या हंड्यात अडकलेला असतो. त्याचे मागणे पुरवले, नारळ दिला, की तो वाट सोडतो. आपला वेताळ तर प्रेतात शिरूनही विक्रमाला न्यायाची कोडी घालतो. म्हणजे आपल्या भुताशी बोलता येते. झॉम्बीशी बोलता येत नाही. त्याला नाव उरलेले नाही, आठवण उरलेली नाही, मागणे उरलेले नाही. उरली आहे ती फक्त भूक. इतके रिकामे भूत माणसाने कल्पिले तरी कोठे आणि का?

याचे उत्तर हैती नावाच्या देशात मिळते. अठराव्या शतकात तेथे फ्रेंचांची वसाहत होती आणि तिचे नाव सँ दोमँग. सगळ्या युरोपच्या चहा-कॉफीत पडणारी साखर मोठ्या प्रमाणावर तेथून जाई. ती पिकवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणलेली. १७८९ च्या सुमारास अशा गुलामांची संख्या पाच लाखांच्या आसपास होती. उसाच्या मळ्यात आणि चरकावर ती इतक्या झपाट्याने मरत की, नवी जहाजे सारखी आणावी लागत. या दुर्दैवी माणसांना एकच दिलासा होता. मेल्यावर आपला आत्मा समुद्र ओलांडून पुन्हा आफ्रिकेत, आपल्या माणसांत जाईल. आता त्या माणसाची सगळ्यांत मोठी भीती कोणती असेल, कल्पना करा. मरणाची नव्हे, मरणानंतरही सुटका न होण्याची! कोणी मांत्रिक आपला देह उठवील, आत्म्याला घरी जाऊ देणार नाही, आणि आपण पुन्हा त्याच मळ्यात, न बोलता, न थकता राबत राहू. त्या भीतीचे नाव झॉम्बी. आमच्या जुन्या जमीनदारीच्या मुलखात वेठ म्हणजे काय हे ज्यांनी आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

१७९१ साली हे गुलाम उठले. तेरा वर्षे लढून १८०४ च्या पहिल्या जानेवारीला त्यांनी आपले स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु पुढे १९१५ साली अमेरिकेच्या फौजा तेथे उतरल्या आणि १९३४ पर्यंत हलल्या नाहीत. त्याच काळात विल्यम सीब्रुक नावाच्या प्रवाशाने १९२९ साली हैतीवर एक पुस्तक लिहिले आणि उसाच्या शेतात राबणाऱ्या मुडद्यांची वार्ता अमेरिकेत पोचवली. तीनच वर्षांनी, १९३२ साली, ‘व्हाइट झॉम्बी’ हा बोलपट निघाला. त्यात बेला लुगोसी हा प्रसिद्ध नट मांत्रिक आणि साखरेच्या कारखान्याचा मालक आहे. मुडदे चरक फिरवीत आहेत. त्यांतला एक जण तोल जाऊन चरकात पडतो. आणि बाकीचे मान न वळवता फिरवीत राहतात. सगळ्या चित्रपटात एवढाच एक प्रसंग खरा, पण तो विसरता येत नाही. या पहिल्या झॉम्बीला माणसे खाण्याची भूक नव्हती. खाणारा मालक होता. झॉम्बी राबत होता.

मग हा राबणारा मुडदा खाणारा केव्हा झाला? त्याची तारीख १९६८. अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने मित्रांकडून पैसे गोळा करून, एका जुनाट शेतघरात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा काळापांढरा चित्रपट केला. गंमत अशी की, त्यात झॉम्बी हा शब्द एकदाही येत नाही. आणखी एक गंमत अशी की, ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलताना मालकी हक्काची ओळच पाटीवरून गळाली, आणि त्यामुळे तो कोणीही फुकट दाखवावा असा झाला. ज्याच्या त्याच्या हाती लागून तो जगभर पसरला. चावऱ्या मुडद्यांची साथ पसरावी तसाच!

कथा साधी आहे. मुडदे उठले आहेत. एका शेतघरात सात जिवंत माणसे अडकली आहेत. बाहेरचे मुडदे संथ आहेत, ढकलले तर पडतात. आतली माणसे मात्र तळघरात लपावे की वर राहून खिडक्यांना फळ्या ठोकाव्यात, यावर रात्रभर भांडतात आणि त्या भांडणानेच एकेक करून संपतात. उरतो तो बेन नावाचा एक कृष्णवर्णी तरुण. पहाटे बंदुका घेतलेले लोक मदतीला येतात, आणि खिडकीत उभ्या असलेल्या बेनला मुडदा समजून गोळी घालतात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. ऑक्टोबरमध्ये हा शेवट पाहणाऱ्या अमेरिकन माणसाला काय वाटले असेल, ते सांगायला नको.

दहा वर्षांनी, १९७८ साली, रोमेरोने दुसरा चित्रपट काढला, ‘डॉन ऑफ द डेड’. आणि माझा खरा मुद्दा येथे आहे. या वेळी शेतघर नाही. मॉनरोव्हिल येथले एक प्रचंड बाजार-संकुल आहे. एका छताखाली शेकडो दुकाने, कारंजी, सरकते जिने. चौघे जिवंत लोक हेलिकॉप्टरने त्याच्या गच्चीवर उतरतात. पाहतात तो खाली मुडद्यांची झुंबड! आठवण गेलेली, नाव गेलेले. पण जिवंतपणी रविवारी जेथे पाय वळत, तेथे ते मेल्यावरही वळलेले. दुकानांच्या काचांना गाल लावून ते उभे आहेत. विकत घ्यायला पैसे नाहीत, वापरायला जीव नाही. तरी उभे आहेत.

जिवंत माणसे युक्तीने दारे बंद करतात, मुडद्यांना हाकलतात आणि सगळ्या बाजाराचे धनी होतात. उंची कपडे, घड्याळे, मिष्टान्ने. बँकेतल्या नोटांशी खेळ. काही आठवडे मजेत जातात. मग त्यांच्या चेहऱ्यांवर हळूहळू तोच रिकामेपणा येतो, जो काचेबाहेरच्या तोंडांवर आहे. शेवटी मोटारसायकलवाल्या लुटारूंची टोळी शिरते, तेव्हा लपून राहिले असते तर वाचले असते. पण त्यांतल्या एकाला आपल्या मालावर दुसऱ्याने हात टाकलेला बघवत नाही. तो गोळी झाडतो, त्यात त्याचा बळी जातो, आणि मेल्यावर तोच उठून, पायाच्या सवयीने, मुडद्यांना आपल्या माणसांच्या लपण्याच्या जागी घेऊन येतो.

हा चित्रपट खऱ्या बाजारात, दुकाने बंद झाल्यावर रात्री चित्रित होई आणि सकाळी गिऱ्हाइके यायच्या आत आवरता घ्यावा लागे. नाताळ जवळ आला तेव्हा दुकानांत इतकी सजावट झाली की, ती रोज काढून पुन्हा लावणे परवडेना. म्हणून चित्रीकरण थांबवावे लागले. सणाच्या खरेदीपुढे मुडद्यांनाही सुट्टी घ्यावी लागली! हे वाचले तेव्हा मला हसू आले, आणि लगेच आमच्या घरातला कोपरा दिसला. दोन कुकर चालू स्थितीत असताना सवलतीत मिळाला म्हणून तिसरा आला आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, तो मीच मागवला. खरे आहे. पूर्वी आठवडी बाजाराला जायला दिवस लागे. आता दिवाळीच्या पंधरवड्यात या आडवळणाच्या तालुक्यातही पार्सलांची खोकी येऊन पडतात. काच आता आमच्या तळहातावर आली आहे, आणि रात्री अंथरुणात तिला डोळे लावून पडलेला माणूस दुसऱ्याला कसा दिसत असेल, याचा विचार मी फारसा करीत नाही.

आपल्या देशातही हा पाहुणा यथावकाश आला. २०१३ सालच्या ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटात गोव्याच्या बेटावर चैनीला गेलेले तरुण नव्या नशेची गोळी घेतात आणि सकाळी मुडदे होऊन उठतात. २०२० च्या मे महिन्यात ‘बेताल’ ही मालिका आली. तिची गोष्ट तर आमच्या दाराशी बेतल्यासारखी. जंगलातले आदिवासी गाव, मधून न्यायचा हमरस्ता, हटवायची माणसे. आणि डोंगर फोडताना बाहेर पडतात ते कंपनी सरकारचे लाल डगलेवाले मेलेले शिपाई. जमिनीची जुनी भूक पुन्हा उठून बसली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि २०२२ च्या २६ जानेवारीला मराठीत ‘झोंबिवली’ आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या प्रमुख भूमिका. जागा अर्थातच डोंबिवली. ही निवड मला फार मार्मिक वाटते. मध्यमवर्गीय मराठी माणसाने पै पै जोडून जेथे घर घ्यावे, पहाटे उठून गच्च भरलेली गाडी पकडावी आणि रात्री अर्धमेले होऊन परतावे, ते हे शहर. तेथल्या कारखान्यांच्या कृपेने २०१४ साली हिरवा पाऊस पडल्याच्या आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. चित्रपटात एका अंगाला नवे टोलेजंग संकुल आहे, दुसऱ्या अंगाला झोपडपट्टी, आणि गोष्टीच्या मुळाशी आहे पाणी. कोणाच्या नळाला ते येते आणि कोणाच्या येत नाही, कोणाला शुद्ध मिळते आणि कोणाला नाही. हसत खेळत सांगितलेली ही गोष्ट शेवटी इतकेच विचारते की, मुडदे दाराशी आल्यावर संकुलाचे फाटक झोपडीतल्या माणसाला उघडायचे की नाही. याच सरपोतदारांनी पुढे २०२४ साली ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट केला, तेव्हा मला बरे वाटले. फिरून फिरून मराठी माणूस लग्न राहिलेल्या आपल्या भुताकडे आला म्हणायचा!

येथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक माझी सांगितली पाहिजे. तिच्याचसाठी हा लेख लिहायला बसलो.

२०१६ साली ‘ट्रेन टू बुसान’ नावाचा कोरियन चित्रपट निघाला. मी तो पुष्कळ उशिरा, त्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून पाहिला. आगगाडीत साथ शिरली आहे. काही माणसे मुडद्यांनी भरलेले डबे पार करून, जिवावर उदार होऊन, शेवटच्या सुरक्षित डब्याशी पोचतात. आतले प्रवासी जिवंत आहेत, चांगले कपडे घातलेले आहेत. ते दार उघडीत नाहीत. उघडावे लागते तेव्हा, तुम्हांला लागण झाली असेल, दूर राहा, म्हणून आलेल्यांना दुसऱ्या टोकाला घालवतात. तेथे मी मोबाइल बंद केला. कारण तो डबा माझ्या ओळखीचा होता.

आमच्या भागातली माणसे दर उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरची तोडायला तेलंगणात जातात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि ती तिकडेच अडकली. काम बंद, वाहने बंद. एप्रिलमध्ये त्यांतले पुष्कळ जण डोक्यावर बोचकी घेऊन, रानातल्या पायवाटांनी चालत निघाले. इकडे गावोगाव शिवेवर बांबू आडवे पडले, बोरीच्या काट्या लागल्या. माझ्या शाळेच्या गावानेही तेच केले. गावाचे नाव सांगत नाही. कारण त्या दिवसांत पुष्कळ गावांचे नाव तेच होते. पंच मंडळी म्हणाली, “गुरुजी, पाटी तुम्हीच लिहा, तुमचे अक्षर चांगले.” मी शाळेतली जुनी फळी काढली आणि तांबड्या रंगाने ठळक लिहिले की, बाहेरच्या माणसांना गावात बंदी आहे. अक्षर खरोखरच सुरेख आले होते. मी दोन पावले मागे सरून ते न्याहाळलेही.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला नाल्यापलीकडे अकरा माणसे येऊन उभी राहिली. सगळी याच गावची. त्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, पंधराएक वर्षांची. आईबरोबर मिरचीला गेलेली. पाटी तिने मोठ्याने वाचून दाखवली, कारण बरोबरच्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. मग म्हणाली, “गुरुजी, हे त तुमचंच अक्षर होय!” तिच्या बोलण्यात राग नव्हता. ओळखीचे काही दिसल्याचा आनंदच होता. तिला ते अक्षर मीच शिकवले होते.

रात्रभर चर्चा चालली. सरकारी निरोप येऊ द्या, डॉक्टर येऊ द्या, सकाळी पाहू. माणसे नाल्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली झोपली. शाळा रिकामी होती, आणि शाळेची किल्ली माझ्या खिशात होती. भीती खोटी नव्हती, वाचकहो. घरी माझी म्हातारी आई होती. पण किल्ली खिशात होती हेही खोटे नव्हे.

पहाटे गावातली एक आजी नेहमीप्रमाणे मोहाची फुले वेचायला निघाली. जाताना तिने आंबिलीचे गंज नेले, काट्यांपलीकडे ठेवले, आणि चार पावले मागे सरून उभी राहिली. ती कोणाशी भांडली नाही, कोणाला काही शिकवले नाही. ती परत फिरली तेव्हा मी उठलो आणि शाळा उघडली. चौदा दिवस ती माणसे वर्गात राहिली. घरोघरचा भात पाळीपाळीने जाऊन दारात ठेवला जाई. कोणी आजारी पडले नाही. पडले असते, तरी दार उघडणे चूक ठरले नसते, असे मला आता वाटते. त्या रात्री वाटले नव्हते.

१८९७ साली पुण्यात प्लेग असताना सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याचे आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. ही गोष्ट मी दर ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, वर्गात सांगतो. त्याही मास्तरीणच होत्या. त्या वर्षानंतर ती सांगताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

झॉम्बीच्या चित्रपटांचा इतिहास चाळून मला कळले ते एवढेच. हैतीतल्या माणसाला भीती होती, मेल्यावरही राबावे लागेल याची. अमेरिकेतल्या माणसाला भीती वाटू लागली, जिवंतपणीच आपण फक्त खात सुटू याची. आणि या सगळ्या गोष्टींत मुडदे हे नुसते निमित्त असते. परीक्षा चालते ती दाराच्या आत, फळ्या ठोकणाऱ्यांची. वाचायचे तर सगळ्यांनाच असते. वाचून आपण कोण उरतो, हे कोणीतरी बाहेर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या पोराला मी हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग गुरुजी, त्या पाटीचे काय केले?” फळी अजून शाळेत आहे. काळा रंग देऊन तिच्यावर आम्ही रोजचा सुविचार लिहितो.

त्या मंडळींनी मजुरीत मिळालेल्या वाळक्या मिरच्या बोचक्यांतून आणल्या होत्या. चौदा दिवस संपल्यावर त्यांनी गावात घरोघर थोड्या थोड्या वाटल्या. पायलीभर माझ्याही घरी आल्या. त्या वर्षीच्या दिवाळीचा चिवडा आम्ही त्यांच्याच तिखटाचा केला. पाडव्याला ती पोरगी पाया पडायला आली. सौभाग्यवतींनी तिच्यापुढे बशी ठेवली. घास घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ती हसून म्हणाली, “लईच झोंबते, गुरुजी.”

मी म्हटले, “झोंबू दे. मिरची तुमचीच आहे.”